अँडरसनव्हिल येथील पिशाचकथा व मृतांची यादी

(१)

दंतकथा ही इतिहासाचें साधन होऊं शकते कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाहीं. प्रमाणांची चर्चा करतांना नैयायिकांनीं ऐतिह्याचा विचार केला आहे. ज्या वार्तेचा मूळ वक्ता कोण हें सांगतां येत नाहीं, परंतु जी तोंडोतोंडीं चालत आलेली असते, ती ऐतिह्य. आणि तिचें ठरीव उदाहरण असें कीं, ह्या वडावर यक्ष राहतो. उदाहरणादाखल नेमकी अशीच कथा निवडावी ह्यांत त्या शास्त्रकारांची मार्मिकता दिसते. वडावर यक्ष आहे हें गांवांतील प्रत्येकजण सांगतो. तो प्रथम कोणीं पाहिला असें विचारलें असतां प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. न्यायदर्शनानें ऐतिह्यास स्वतंत्र प्रमाण न मानतां त्याचा अंतर्भाव शब्दांत केला. शब्द प्रमाण ठरावयाचा तर वक्ता आप्त, म्हणजे वस्तु जशी आहे तशी जाणणारा व तशीच सांगणारा, असावा लागतो. वक्ताच ठाऊक नसेल तर त्याचें आप्तत्व तपासणार कसें, ही खरी अडचण होय.

प्रस्तुत लेखांत ह्या कसोटीनें एका परदेशी स्थळाच्या पिशाचकथा तपासावयाच्या आहेत. तें स्थळ म्हणजे अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांतील अँडरसनव्हिल येथील युद्धकैद्यांची जुनी छावणी. इतकें दूरचें स्थळ निवडण्याचें कारण असें कीं, तेथें एकाच घटनेविषयीं दंतकथा व अस्सल कागद हे दोन्ही विपुल आहेत, व ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां येतात. शिवाय त्या कागदांमध्यें एक चोरून केलेली नक्कल अशी आहे कीं, तिचा इतिहास हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावा.

(२)

प्रथम छावणीची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांतील संस्थानांमध्यें इ. स. १८६१ ते १८६५ ह्या काळांत जें यादवी युद्ध झालें, त्यांत दोन्ही पक्षांच्या हातीं शत्रूकडील सैनिक मोठ्या संख्येनें सांपडले. १८६२ च्या जुलै महिन्यांत कैद्यांच्या अदलाबदलीचा करार झाला होता. तो १८६३ सालीं मोडला. उत्तरेच्या फौजेंत तोंपर्यंत कृष्णवर्णीयांच्या पलटणी दाखल झाल्या होत्या, आणि त्यांतील कैद्यांस गोऱ्या कैद्यांच्या बरोबरीनें लेखून परत करण्यास दक्षिणेचें सरकार तयार नव्हतें. करार मोडण्याचें हें एक मुख्य कारण होय. अदलाबदल थांबली आणि दोन्हीकडील कोंडवाडे भरूं लागले.

दक्षिणेची राजधानी रिचमंड ही रणभूमीच्या जवळ होती व तेथें धान्याची टंचाई होती. म्हणून कैद्यांस आंतल्या प्रदेशांत, अँडरसनव्हिल ह्या लहानशा रेल्वे स्टेशनाजवळ ठेवण्याचें ठरलें. छावणीचें सरकारी नांव कँप समटर असें होतें. पाइन वृक्षाचे ओंडके तासून ते एकास एक लावून जमिनींत उभे पुरले व सुमारें १५ ते १७ फूट उंचीचा कोट केला. आंत कैद्यांसाठीं एकही इमारत बांधली नाहीं. १८६४ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस पहिले कैदी आले. जागा १६॥ एकर होती व ती सुमारें १०,००० माणसांसाठीं होती. जूनमध्यें ती २६॥ एकर केली, परंतु ऑगस्टमध्यें कैद्यांची संख्या ३२,००० च्या वर गेली. मधून एक ओढा वाहत असे. पहारेकऱ्यांचा तळ व मुदपाकखाना ओढ्याच्या वरच्या अंगास असल्यामुळें पाणी आंत येण्यापूर्वींच नासलेलें असे. अन्न म्हणजे मुख्यतः मक्याचें जाडेंभरडें पीठ. भाजीपाला जवळ जवळ नाहींच. रक्तपिती व हगवण ह्या दोन रोगांनीं सर्वांत अधिक माणसें गेलीं. एकट्या ऑगस्ट १८६४ मध्यें सुमारें ३,००० कैदी मेले. सुमारें १४ महिन्यांच्या अवधींत एकंदर ४५,००० च्या सुमारास कैदी ह्या कोटांत आले व त्यांपैकीं जवळ जवळ १३,००० तेथेंच मेले.

कोटाच्या आंत सुमारें १९ फुटांवर एक हलका लांकडी कठडा घातलेला होता. त्यास ‘डेड लाईन’ म्हणत. जो कैदी तो ओलांडील, किंवा त्याखालून हात घालील, त्यास वरच्या माच्यांवरील पहारेकऱ्यानें गोळी घालावी असा हुकूम होता. कामाच्या मुदतीस जो शब्द हल्लीं सर्वत्र सहज वापरला जातो, त्याचें मूळ ह्या कठड्याच्या नांवांत असल्याचें सांगतात.

(३)

आतां पिशाचकथांकडे वळूं. छावणीची जागा व तिच्या शेजारचें सरकारी कबरस्थान हीं १९७० सालापासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून राखलेलीं आहेत, व १९९८ सालीं तेथें अमेरिकेच्या सर्व युद्धांतील युद्धकैद्यांचें स्मारक म्हणून एक संग्रहालय उघडलें. तेथें जाणारे प्रवासी व आसपासचे रहिवासी ज्या गोष्टी सांगतात त्या मुख्यतः चार प्रकारच्या आहेत. पहिली अशी कीं, छावणीचा अधिकारी कॅप्टन हेन्री वर्झ हा तेथील रस्त्यानें फिरतांना दिसतो. दुसरी, काळा झगा घातलेला एक धर्मगुरु वाटेच्या कडेनें चालतांना दिसतो व पाहतां पाहतां नाहींसा होतो. तिसरी, फांशीं दिलेल्या सहा लुटारूंचे आत्मे आपल्या थडग्यांपाशीं वावरतात. चौथी, पहाटेच्या धुक्यांत पुष्कळ माणसांच्या आकृति दिसतात, कण्हण्याचे व बंदुकींचे आवाज येतात, व कधीं कधीं असह्य दुर्गंधि सुटते.

कथा कशा वाढतात हें कळण्यासाठीं आपल्याकडील समजुतीशीं त्या ताडून पाहणें उपयोगी आहे. मुंजा, समंध, खवीस, हडळ असे जे भेद आपल्याकडे मानतात, त्यांच्या बुडाशीं एकच कल्पना आहे: मरण अकालीं आलें, वासना राहिली, किंवा मागून यथाविधि संस्कार झाले नाहींत, तर जीव त्या जागेस चिकटून राहतो. अँडरसनव्हिल येथें हीं तिन्हीं कारणें तेरा हजार वेळां घडलीं. तेव्हां तेथें पिशाचकथा निर्माण झाल्या ह्यांत नवल नाहीं. नवल आहे तें पुढेंच, कीं त्या कथांनीं कोणाला निवडलें.

(४)

वर्झ हा मूळचा स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील, जन्म १८२३. १८६४ च्या वसंतांत कोटाच्या आंतील व्यवस्था त्याच्याकडे आली. संपूर्ण ठाण्याचा मुख्य अधिकारी तो नव्हता, व धान्यपुरवठा त्याच्या हातीं नव्हता. त्याच्यावरील अधिकारी जनरल विंडर हा १८६५ च्या फेब्रुवारींत मरण पावला. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टन येथें वर्झवर लष्करी मंडळापुढें खटला चालला, आणि १० नोव्हेंबर १८६५ रोजीं त्यास तेथील जुन्या तुरुंगांत फांशीं दिलें. त्या तुरुंगाच्या जागेवर हल्लीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची इमारत उभी आहे. ह्या छावणीच्या प्रकरणीं फांशीं गेलेला तो एकटाच.

खटल्याचे कागद वाचतांना दोन गोष्टी नजरेस येतात. वर्झनें स्वहस्तें किंवा हुकुमानें कैद्यांस मारल्याचे जे आरोप आहेत, त्यांत मेलेल्याचें नांव ठाऊक नाहीं असें कलमागून कलमांत लिहिलें आहे. कांहीं साक्षींत अशीं कृत्यें ऑगस्ट १८६४ मध्यें घडल्याचें सांगितलें आहे. त्या महिन्यांत तर वर्झ बराच काळ आजारीपणामुळें रजेवर होता. दुसरी गोष्ट एका साक्षीदाराची. फेलिक्स द ला बॉम ह्या नांवाच्या गृहस्थानें, आपण सुप्रसिद्ध सेनानी लाफायेत ह्याच्या घराण्यांतील आहों असें सांगून, फार प्रभावी साक्ष दिली व त्यास सरकारी नोकरीही मिळाली. फांशीनंतर थोड्याच दिवसांत उघडकीस आलें कीं, त्याचें खरें नांव फेलिक्स ओझर, व तो उत्तरेच्याच एका पलटणींतून पळालेला शिपाई होता. म्हणजे ज्यास आप्तवाक्य म्हणून मान्यता मिळाली, त्याचा वक्ता आप्त तर नव्हताच, परंतु आपल्या नांवाचाही नव्हता.

ह्यावरून वर्झ निर्दोष होता असें म्हणतां येत नाहीं. कोटांतील हाल कल्पित नव्हते. तेरा हजार थडगीं कोणी साक्षीदारानें रचलेलीं नाहींत. परंतु एका माणसाच्या हातून घडलेल्या कृत्यांचा पुरावा व त्या जागेच्या एकंदर भीषणतेचा पुरावा हे दोन वेगळे आहेत, व खटल्यांत त्यांची मिसळ झाली. ही मिसळ पुढें कथेंत उतरली. उत्तरेच्या लोकांना तो खाटीक वाटला. दक्षिणेंत तो हुतात्मा ठरला, व १९०९ सालीं दक्षिणेकडील एका महिलामंडळानें अँडरसनव्हिल गांवांत त्याचें स्मारक उभारलें. त्यामुळें त्याच्या पिशाचालाही दोन वासना चिकटल्या. कोणी म्हणतो, केलेल्या पापामुळें त्यास गति नाहीं. कोणी म्हणतो, झालेल्या अन्यायामुळें त्यास शांति नाहीं. कथा एकच, परंतु ती सांगणाऱ्याचा पक्ष तींतून बोलतो. आणि वर्झचें मरण जॉर्जियांत झालें नाहीं, त्याचें थडगेंही तेथें नाहीं; तें वॉशिंग्टन येथें आहे, ह्याची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं.

(५)

धर्मगुरूची कथा अधिक सौम्य आहे. तो फादर पीटर व्हेलन असावा असें सांगतात. हा आयर्लंडांत जन्मलेला कॅथलिक धर्मोपदेशक जून १८६४ मध्यें छावणींत आला तेव्हां साठीच्या पुढें गेलेला होता. ऑक्टोबरपर्यंत तो तेथें राहिला. भर उन्हाळ्यांत, सडलेल्या हवेंत, बिळांतून रांगत जाऊन त्यानें मरणोन्मुखांस अखेरचे संस्कार दिले. पुढें १६,००० डॉलर दक्षिणी चलनांत कर्ज काढून त्यानें १०,००० पौंड गव्हाचें पीठ घेतलें व त्याची भाकर कैद्यांत वांटविली. कैदी तिला व्हेलनची भाकर म्हणत. तो १८७१ सालीं सव्हाना शहरीं मरण पावला व तेथेंच त्याचें दफन झालें.

येथें कथेनें मूळ कागदांशीं फारसा द्रोह केलेला नाहीं. ज्यास सोडून जाण्याची मोकळीक असूनही जो गेला नाहीं, तो मेल्यावरही तेथेंच फिरतो, असें लोकांस वाटावें हें स्वाभाविक आहे. ही भीतीची कथा नव्हे, कृतज्ञतेची आहे. तरी तिचाही नायक असा कीं, तो त्या जागेवर मेला नाहीं व तेथें पुरला गेला नाहीं.

(६)

लुटारूंची गोष्ट अशी. कैद्यांपैकींच कांहीं टोळ्या नव्यानें आलेल्यांस मारहाण करून त्यांचे पैसे, कपडे व पांघरुणें लुबाडीत, व त्यांत खूनही पडत. अखेर इतर कैद्यांनीं वर्झच्या परवानगीनें त्यांस धरलें, आपल्यांतीलच पंच नेमून खटला चालविला, आणि ११ जुलै १८६४ रोजीं सहा म्होरक्यांस कोटाच्या आंतच फांशीं दिलें. व्हेलन ह्यानें त्यांच्या प्राणांसाठीं रदबदली केली, ती कोणीं ऐकिली नाहीं. एकाचा दोर तुटला. त्यास पुन्हां वर चढविलें. त्यांचीं सहा थडगीं इतरांपासून वेगळीं आहेत. दरवर्षीं मृत सैनिकांच्या स्मरणदिनीं कबरस्थानांतील प्रत्येक थडग्यावर निशाण लावतात, ह्या सहांवर लावीत नाहींत. त्यांपैकीं कांहींचीं दगडावरील नांवें खरीं कीं धारण केलेलीं, ह्याविषयीं अभ्यासकांत वाद आहे. मृतांच्या ओळींतूनही ज्यांस बाहेर ठेवलें, त्यांच्याविषयीं कथा न उठती तरच आश्चर्य.

(७)

ह्या पिशाचकथांच्या शेजारींच एक दैवी चमत्काराची कथा आहे, तिचाही विचार येथेंच करणें योग्य. ९ ऑगस्ट १८६४ रोजीं मुसळधार पाऊस होऊन ओढ्यास पूर आला व कोटाचा कांहीं भाग वाहून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पश्चिमेकडील उतारावर, त्या प्राणघातक कठड्याच्या लगत, निर्मळ पाण्याचा झरा आढळला. कैद्यांस तो प्रार्थनेचें फळ वाटला व त्यांनीं त्यास ईश्वरी कृपेचा झरा असें नांव दिलें. मागाहून लिहिलेल्या कित्येक आठवणींत आकाशांतून वीज पडून भूमि दुभंगली व झरा फुटला असें वर्णन आहे. १९०१ सालीं त्यावर एक लहानशी दगडी वास्तु बांधली, व झरा आजही वाहतो.

अभ्यासकांचें अनुमान असें कीं, झरा पूर्वींपासूनच होता. कोट उभारतांना खणलेल्या मातीखालीं तो बुजला, व पुरानें ती माती धुऊन नेली तेव्हां तो मोकळा झाला. पूर अस्सल, झरा अस्सल, तहान अस्सल. वीज मात्र निरूपणकाराची. परंतु तिला केवळ भाकड म्हणून टाकूं नये. ज्या माणसांनीं पांच महिने गटाराचें पाणी पिऊन काढले होते, त्यांस स्वच्छ पाणी दिसतांच काय वाटलें, हें त्या विजेनें जितकें कळतें तितकें मातीच्या थरांच्या वर्णनानें कळत नाहीं. दंतकथा घटनेचें प्रमाण नसली तरी भावनेचें प्रमाण असूं शकते. कोणत्या गोष्टीस ती प्रमाण व कोणत्या गोष्टीस अप्रमाण, एवढा विवेक ठेवला म्हणजे झालें.

आठवणींच्या ग्रंथांविषयीं येथें एक इशारा देणें जरूर आहे. छावणीवरील अनेक पुस्तकें युद्धानंतर पंधरा-वीस वर्षांनीं निघालीं, व तोंपर्यंत वर्झच्या खटल्यांतील साक्षी छापून प्रसिद्ध झालेल्या होत्या. जॉन रॅन्सम ह्याचें रोजनिशी म्हणून १८८१ सालीं निघालेलें पुस्तक फार वाचलें जातें. परंतु मूळ वही उपलब्ध नाहीं, आणि छापील मजकूर त्या त्या दिवशीं लिहिला गेला असेल कीं काय ह्याविषयीं अभ्यासकांनीं गंभीर शंका घेतल्या आहेत. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढतांना बखरींना अस्सल पत्रांच्या कसास लावलें, त्याचें स्मरण येथें होतें. मागाहून लिहिलेलें तें बखरीच्या कोटींतलें. मग त्याचें नांव रोजनिशी असो वा साक्ष असो.

(८)

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. वरील कथांतील ज्या पिशाचांस नांव आहे, तीं मोजलीं तर आठ भरतात: एक अधिकारी, एक धर्मगुरु व सहा लुटारू. पहिले दोघे तेथें मेले नाहींत. उरलेले सहा मेले, ते रोगानें वा उपासमारीनें नव्हे, तर आपल्याच सोबत्यांच्या हातून. ज्या तेरा हजारांमुळें ही भूमि भयंकर ठरली, ते कथेंत केवळ धुकें, आवाज आणि दुर्गंधि होऊन राहिले आहेत. ऐतिह्याचा हा स्वभावच आहे. त्यास ठळक माणूस लागतो. हगवणीनें मेलेला शेतकऱ्याचा मुलगा त्यास पुरत नाहीं.

त्या मुलांचीं नांवें ज्यानें राखलीं तो डॉरन्स ऍटवाटर. कनेटिकट संस्थानांतला हा तरुण वयाच्या सोळाव्या वर्षीं घोडदळांत गेला, १८६३ च्या जुलैंत पकडला गेला, व छावणी उघडतांच तेथें आला. त्याचें अक्षर चांगलें म्हणून त्यास दवाखान्याच्या कचेरींत मृतांची नोंद ठेवण्यास बसविलें. नोंदींत नांव, हुद्दा, पलटण, मरणाचा दिवस, रोग व थडग्याचा अनुक्रमांक अशीं सदरें असत. प्रेतें पेटीवांचून, चरांत खांद्यास खांदा लावून पुरीत व प्रत्येकाच्या उशाशीं क्रमांकाची खुंटी रोंवीत. (तेथील दगड आजही एकमेकांस जवळ जवळ चिकटलेले दिसतात, त्याचें कारण हेंच.) क्रमांक खुंटीवर, नांव वहींत. वही गेली कीं थडगें मुकें झालें.

ही वही उत्तरेच्या हातीं लागेल असा ऍटवाटरला भरंवसा वाटेना. १८६४ च्या ऑगस्टपासून त्यानें अधिकाऱ्यांच्या नकळत तिची दुसरी नक्कल करण्यास आरंभ केला. १८६५ च्या आरंभीं सुटका झाली तेव्हां ते कागद त्यानें अंगरख्याच्या अस्तरांत दडवून बाहेर काढले. त्यावेळीं त्याचें वय वीस.

पुढील हकीकत संग्राहकांनीं लक्षपूर्वक वाचावी. युद्धखात्यानें यादी मागितली व ३०० डॉलर देऊन नक्कल करण्यासाठीं ठेवून घेतली. ऍटवाटरची समजूत अशी कीं, मूळ आपणांस परत मिळेल व आपण ती छापून घरोघरीं पोंचवूं. खात्याचें म्हणणें, आम्हीं ती विकत घेतली. १८६५ च्या उन्हाळ्यांत थडगीं निश्चित करण्यासाठीं कॅप्टन मूर ह्याच्या हाताखालीं एक तुकडी अँडरसनव्हिलला गेली. तींत ऍटवाटर व क्लारा बार्टन ह्या बाई होत्या. यादीतील क्रमांक व खुंट्यांवरील क्रमांक जुळवीत जाऊन एक एक थडग्यावर नांवाची फळी लावली. १७ ऑगस्ट १८६५ रोजीं बार्टनबाईंनीं कबरस्थानावर निशाण चढविलें. १२,९२० थडग्यांपैकीं अवघीं ४६० निनांवी राहिलीं. परत आल्यावर ऍटवाटरनें आपले कागद आपल्याकडे ठेवले. त्याबद्दल त्यास पकडून, सरकारी मालमत्तेची चोरी केली म्हणून अठरा महिने सक्तमजुरी व ३०० डॉलर दंड अशी शिक्षा दिली. सुमारें दोन महिन्यांनीं त्यास सोडलें, आणि १८६६ सालीं न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्रानें ती यादी पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढें तो सेशेल्स बेटांत व नंतर ताहिती येथें अमेरिकेचा वकील झाला. १९१० सालीं वारला.

कागदाचा मालक कोण, ज्यानें तो जिवावर उदार होऊन राखला तो, कीं ज्याच्या दप्तरीं तो जमा झाला तो, हा वाद आपल्याही संग्राहकांस अपरिचित नाहीं. ऍटवाटरच्या उदाहरणावरून एवढें दिसतें कीं, वाद कोणीं जिंकला ह्यापेक्षां कागद छापला गेला हें अधिक महत्त्वाचें. कुलपांत पडलेली यादी कोणाच्याही आईच्या उपयोगाची नव्हती.

(९)

हा गुण एकाच पक्षाचा नव्हता हें सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. उत्तरेकडे न्यूयॉर्क संस्थानांतील एल्मायरा येथें दक्षिणेच्या कैद्यांची छावणी होती. जुलै १८६४ पासून एका वर्षांत तेथें सुमारें १२,००० कैदी आले व त्यांतील जवळ जवळ चौथा हिस्सा मेला. थंडी, रोगराई व अपुरें अन्न तेथेंही होतेंच. त्यांचीं प्रेतें पुरण्याचें काम जॉन जोन्स नांवाच्या इसमाकडे होतें. हा मूळचा व्हर्जिनियांतील गुलाम, तेथून पळून उत्तरेस आलेला. ज्या राज्यव्यवस्थेनें त्यास दास्यांत ठेवलें, तिच्याच सैनिकांस तो मूठमाती देत होता. त्यानें २,९७३ प्रेतें पुरलीं आणि प्रत्येकाची नोंद इतकी काळजीपूर्वक ठेवली कीं, त्यांपैकीं अवघीं सात निनांवी राहिलीं. सूडाला इतकी सोपी संधि क्वचितच मिळते: नुसतें लिहावयाचें टाळलें असतें तरी पुरें होतें. जोन्सनें तें टाळलें नाहीं.

(१०)

शेवटीं एक लहानशी गोष्ट. क्लारा बार्टन ह्यांनीं युद्धानंतर वॉशिंग्टन येथें बेपत्ता सैनिकांचा शोध लावण्यासाठीं कचेरी चालविली. १८६८ पर्यंत त्यांच्याकडे सुमारें ६३,००० पत्रें आलीं, व २२,००० माणसांचा पत्ता त्यांनीं लाविला. त्यांत अँडरसनव्हिलच्या यादीचा वांटा फार मोठा होता. ती कचेरी पुढें विस्मृतींत गेली. १९९६ सालीं ती इमारत पाडावयाची म्हणून तपासणीस गेलेल्या एका सरकारी नोकरास माळ्यावर पाटी, कागद व त्या काळच्या वस्तु सांपडल्या. आपल्या खांद्यास कोणीतरी स्पर्श केल्याचा भास झाला, मागें वळून पाहतों तों कोणी नाहीं, व त्याच वेळीं छतांतून डोकावणारें एक पाकीट दिसलें, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे.

ह्या कथेचा वक्ता ठाऊक आहे, म्हणून तिला ऐतिह्य म्हणतां येत नाहीं. त्या स्पर्शाविषयीं ज्यानें त्यानें आपापलें मत ठेवावें. पाकीट मात्र हातांत धरून पाहतां येतें.

आपल्याकडे तर्पण करतांना पितरांचें नांव व गोत्र उच्चारावें लागतें. आणि ज्यांचें नांवगोत्र ठाऊक नाहीं, ज्यांस पाणी देणारा कोणी उरला नाहीं, त्यांच्यासाठींही शेवटीं एक ओंजळ राखून ठेविली आहे. पिशाचकथा ही त्या शेवटच्या ओंजळीसारखी आहे: नांव कळत नाहीं म्हणून निदान भयानें तरी स्मरण ठेवावयाचें. जेथें नांव कळण्यासारखें आहे तेथें मात्र तेवढ्यावर समाधान मानणें हा आळस होय. पेशवाईच्या दप्तरांत लढाईंत पडलेल्यांच्या मुलांबाळांस दिलेल्या बालपरवेशीचे कागद आढळतात. जखमी व ठार झालेल्यांच्या यादी रुमालांत मधूनच निघतात. राजकारणाची पत्रें निवडून घेतांना असे कागद किरकोळ म्हणून बाजूस पडतात, हा प्रस्तुत लेखकाचाही अनुभव आहे व त्यांत त्याचा स्वतःचाही दोष आहे. ज्यांच्या संग्रहीं अशा यादी असतील त्यांनीं त्यांतील एकही नांव न गाळतां त्या उतरून प्रसिद्ध कराव्या, एवढीच विनंति.